पेदेलीची मुकी दवंडी

पेदेलीला गावचा कारभारी म्हणायचे, पण कारभार कसला नि काय! सगळा कारभार त्याच्या गळ्यात होता. संध्याकाळी नदीवरच्या आंघोळी उरकल्या, चुली पेटल्या, की हा कमरेचा सुलु घट्ट गुंडाळून चर्चच्या पायरीपासून निघायचा आणि गावभर दवंडी देत फिरायचा. उद्या नर्सबाई येणार आहे, लेकरांना घरी ठेवा. परवा चर्चपुढचं गवत कापायचं, घरटी एक कोयता. आपेनिसाकाकांच्या अळूत कुणाची तरी डुकरं शिरली आहेत, ज्याची असतील त्यानं लाज बाळगून घेऊन जावी. हे 'लाज बाळगून' त्याच्या पदरचं. त्याला कुणी तसं सांगितलेलं नसायचं.

मी त्याची मामेबहीण, लाइसानी. गावात चहा-साखर-साबणाचं टिचभर दुकान चालवते. आमच्यात आतेभावानं आणि मामेबहिणीनं एकमेकांची टर उडवायचीच असते. नाही उडवली तर लोक विचारतात, काय बिनसलं? म्हणून तो दुकानापुढून गेला की मी म्हणायची, "अरे हळू बोंबल, माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या." तो तिथूनच, दवंडीच्याच सुरात ओरडायचा, "लाइसानीच्या कोंबड्या थांबल्या हो! कोंबडा बघून घ्या!" आणि अख्खं गाव दात काढायचं. राग यायचा, पण गोड यायचा.

मतदान आलं की मात्र गडी चेष्टा विसरायचा. आमच्या खोऱ्यात फोन लागत नाही. लागतो तो फक्त वरच्या कड्यावर, तोही एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर. मतदारकार्डाचा नंबर मेसेज करून पाठवायचा, मग उलट उत्तर येतं की तुमचं मत कुठं आणि कोणत्या दिवशी. शहरातल्या माणसाला हे चुटकीसरशी होतं. आमच्याकडे पेदेली घरोघर जाऊन बायबलात जपून ठेवलेली कार्डं बाहेर काढायला लावायचा, नंबर टिपून घ्यायचा आणि दुखरा पाय ओढत कडा चढायचा. साखरेच्या आजारानं त्याच्या डाव्या पायाचं बोट गेलं होतं, टाचेला जखम कायमची. बायको मिलियाना कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, "मरायचंय का तुला त्या कड्यावर?" तर हा म्हणायचा, "अगं, मत कुणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं बघावं. पण कुठं द्यायचं तेच ठाऊक नसेल तर तो माणूस माणसात कसला?"

या खेपेला तो दोनदा चढला. कारण या खेपेचं मत साधं नव्हतं.

खालच्या अंगाला कंपनीनं नदीतली खडी उपसायला घेतली होती. तिथल्या बायका आता कोळंबी पकडायला आमच्या वळणावर येतात, आणि आम्ही त्यांना हुसकून लावतो, मग रात्रभर आमचं आम्हालाच खातं. पाणी म्हणजे नुसता गाळ झालाय. कंपनीला आता आमचं वळण हवं होतं. गावात दोन तट पडले. ज्यांना जमिनीच्या भाड्यातला मोठा वाटा मिळतो ते, म्हणजे आपेनिसाकाका आणि चारदोन थोर घरं, म्हणत होती द्या. नदीवर पोट असलेले आम्ही बाकी सगळे म्हणत होतो, मेलो तरी नाही. निवडणुकीत एक पक्ष खडीच्या बाजूचा होता, दुसरा नदीच्या. आमच्या थोरल्या सरदारांनी दोन्ही तटांना समोर बसवलं, कंपनीच्या साहेबालाही बसवलं, आणि यांगोनाचा, म्हणजे बैठकीत पितात त्या मुळांच्या पाण्याचा, पेला खाली ठेवून सांगितलं, "भांडू नका. प्रत्येक गावच्या पेटीचा निकाल वेगळा लागतो ना? आपल्या पेटीतून जे निघेल ते गावचं म्हणणं." साहेबानं मान डोलावली. म्हणाला, गावच नको म्हणालं तर आम्ही यंत्रं वर आणणार नाही.

झालं. डोकी मोजली तर आम्ही तिप्पट होतो. मत आमच्याच सभागृहात व्हायचं होतं, आणि पेदेलीनं दिवसही दवंडीत असा घोळवून घोळवून सांगितला होता की पोरं खेळताना म्हणायला लागली. चिंताच नव्हती.

आणि थोरले सरदार गेले.

सरदार गेला की आमच्याकडे शंभर रात्री गाव मुकं होतं. लाकडी नगारा वाजत नाही, चर्चची घंटा वाजत नाही, गावात लाकूड फोडत नाहीत, नदीत जाळं टाकत नाहीत. मोठ्यानं हाक नाही, हसणं नाही. लेकरू रडलं तर आई त्याला पदराखाली घेऊन रानात पळते. आवाज करणाऱ्याच्या अख्ख्या कुळाला डुक्कर आणि चटया घेऊन मातीला कपाळ टेकावं लागतं, आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या लोक ते काढतात. पेदेलीला तर हे सुतक जिवापाड. त्याला कारभारी केलं ते थोरल्यांनीच. "याचा गळा देवानं गावासाठी दिलाय," असं ते म्हणाले होते. आता तोच गळा मिटून तो गावातून फिरायचा, दारोदारी वाकून कानात सांगायचा. मी एकदा म्हटलं, "काय रे, मांजर झालास की!" तो हसला सुद्धा नाही. डोळे भरून आले त्याचे.

सुतकाच्या जेवणावळींत गावची अळू, रताळी, सगळी संपली. म्हणून घरंच्या घरं डोंगरावरच्या मळ्यांत लावणीला गेली. तिथं झोपड्या आहेत, लोक तिथंच राहतात, रविवारी तेवढे चर्चला खाली येतात. गावात उरलो आम्ही दुकानवाले, म्हातारेकोतारे आणि ती थोर घरं.

एका रविवारी असेच सगळे खाली आले. प्रार्थना झाली, जेवणं झाली, सोमवारी उजाडायच्या आत परत वर गेले. आणि सोमवारी दुपारी निवडणुकीच्या कामावरची एक पोरगी जीपमधून आली, सभागृहाच्या खांबाला कागद चिकटवला आणि पेदेलीला म्हणाली, "कारभारी, सगळ्यांना कळवा हं. तुमचं मतदान इथं नाही आता. वाइंदामू गावच्या शाळेत. आणि या बुधवारीच."

"या बुधवारी?" पेदेली म्हणाला. "अहो ताई, आमचं तर पुढच्या बुधवारी!"

"तुमच्याच वडीलधाऱ्यांनी अर्ज दिला ना? सभागृहात सरदारांच्या चटया आहेत, सुतकात रांगा नकोत, म्हणून. मग वाइंदामूला जोडलं. पेटी तुमची वेगळीच, पण त्यांचं आधी असतं." पोरगी गोड होती बिचारी. तिचा काय दोष! ती पाणी प्यायली आणि गेली.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. थोरल्यांमागे गावाच्या नावानं अर्ज देणार कोण, तर आपेनिसाकाकाच, म्हणजे त्याला कधीचं ठाऊक होतं. काल चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून हा बाबा डोळे मिटून प्रार्थना करत होता. अख्खं गाव समोर होतं. एक शब्द बोलला? छे! तोंडात मिठाची गुळणी.

मी पेदेलीला तसं म्हटलं तर तो मलाच रागावला. "सुतकातल्या माणसाबद्दल असं बोलू नये, लाइसानी. विसरले असतील." भोळसट मेला! मागणं मागायची रीत म्हणून यांगोनाची मुळं कागदात बांधून तो तडक काकांकडे गेला. मीही मागोमाग गेले आणि दाराशी बसले. सरदारांच्या वतीनं बोलण्याचा मान आपेनिसाकाकांचा, सुतकात त्यांचा शब्द शेवटचा.

पेदेली गुडघे टेकून म्हणाला, "काका, एक हाक मारायची परवानगी द्या. एकच. कड्यावरून. नदीपलीकडच्या मळ्यांना वाट फिरून जायला दिवस जातो. हाक मारली तर दोन श्वासात पोचेल."

काकांनी मुळं हातात घेतली, वास घेतला, बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पेदेली, थोरल्यांच्या अंगावरची माती अजून ओली आहे. आज मतासाठी हाक मारशील, उद्या कुणी डुकरासाठी मारेल."

"पण काका, पेटीनं ठरवायचं हे थोरल्यांनीच सांगितलं होतं."

"म्हणून त्यांच्या डोक्यावर उभं राहून बोंबलायचं? तुझ्या गळ्यावर बंदी आहे, पायांवर नाही. चाल की." आणि त्या जखमेच्या पायाकडे बघून ते हसले हो! अगदी मायेनं हसले. मला वाटलं, ती यांगोना उचलावी आणि तोंडावर फेकावी. पण वडीलधारं माणूस, आणि मी दाराशी बसलेली बाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मंगळवारी सकाळी दुकान बंद करून मी पेदेलीबरोबर निघाले. अलीकडचे मळे झाले. तिथं माणसं थोडीच, त्यांना सांगितलं. खरी वस्ती दरीपलीकडे. पावसानं खालचा झुलता पूल गेलेला, त्यामुळे वाट वरच्या उताराला वळसा घालून जायची. दुपारी आम्ही दरीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पेदेलीच्या पायाला बांधलेलं फडकं लाल झालं होतं. समोर, अगदी समोर, झोपड्यांचा धूर दिसत होता. माझी थोरली बहीण तारुसिला कुदळ खांद्यावर घेऊन उभी होती, तिचा हिरवा झगासुद्धा ओळखू येत होता. हाक मारली असती तर तिनं 'काय गं' म्हणून ओ दिली असती.

मी म्हटलं, "मार हाक. इथं कोण ऐकतंय?"

"थोरले ऐकताहेत."

"तू नको मारूस. मी मारते. बाईमाणूस, चुकली म्हणेन." मी तोंडाशी हात नेले तर त्यानं माझे दोन्ही हात धरले. आमच्यात चेष्टा चालते, पण अंगाला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ. "नको गं," तो म्हणाला, "माझं कूळ, तुझं कूळ, पोराबाळांनी मान खाली घालून फिरायचं का? आणि ज्यांनी मला आवाज दिला त्यांचंच सुतक मी मोडू?" रडत होता. मला त्याचा असा संताप आला आणि अशी दया आली, की काय सांगू.

मग त्यानं वरचा सदरा काढला आणि हवेत फिरवायला लागला. हातवारे करायला लागला. खाली बोट, नदीकडे बोट, चला चला अशी खूण, बोटानं हवेत फुली मारून दाखव, पेटीत कागद टाकल्यासारखं कर. दुखऱ्या पायानं उड्यासुद्धा मारल्या त्यानं.

तारुसिलानं पाहिलं. तिनं बाकीच्या बायकांना बोलावलं. सगळ्या आमच्या माहेरच्या, म्हणजे सगळ्या त्याच्या चेष्टेच्या नात्यातल्या. पेदेली नाचतोय म्हटल्यावर काय! सुतकात तोंडानं हसता येत नव्हतं, पण इतक्या लांब नाचायला कोण अडवतं? तारुसिलानं अळूचं पान डोक्यावर धरलं आणि कंबर हलवून दाखवली. दुसरीनं पाठ फिरवून ढुंगणावर थापा मारल्या. हा जितका कळवळून हात हलवी, तितक्या त्या चेकाळत. शेवटी तारुसिलानं त्याच्यासारखाच पाय लंगडत नाच केला, आणि पलीकडे सगळ्या तोंडावर हात दाबून लोळायला लागल्या. मग कामाची आठवण झाली असेल, हात हलवून निरोप दिला आणि झोपड्यांमागे निघून गेल्या.

पेदेली खाली बसला. सदरा मांडीवर घेऊन बसूनच राहिला.

आम्ही वळशाची वाट धरली. पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. पेदेलीनं हळू आवाजात सांगितलं आणि तारुसिलाचा चेहरा उतरला. म्हणाली, "अरे देवा! आणि मी तुझ्या पायाची नक्कल केली रे." ओरडायची सोय नाही, म्हणून माणसं एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत निरोप देत राहिली. काही झोपड्यांत पोचलाच नाही. बुधवारी उजाडताच जेवढे निघाले तेवढे निघालो. लेकरं कडेवर, म्हातारे काठीवर, त्यात पेदेलीला दोघांनी खांदा दिलेला. गावात पोचलो तेव्हा कळलं, वाइंदामूला न्यायचा ट्रक सकाळीच जाऊन आला. आपेनिसाकाकांनी आधीच सांगून ठेवला होता, थोर घरांतली सगळी माणसं त्यात बसून मत देऊनही आली होती. काका ओसरीवर पाय पसरून चहा पीत होते. ट्रकवाला म्हणाला, डिझेल संपलं.

वाइंदामूपर्यंत चालत गेलो. शाळेचं दार बंद होत होतं. तीच पोरगी आत पेटीला सील लावत होती. आम्हाला बघून ती उठून बाहेर आली आणि अवघडून म्हणाली, "वेळ संपली हो. मला उघडता येत नाही." तारुसिला तिच्याशी वाद घालायला लागली. पेदेलीनं तिला थांबवलं. अंगणातल्या नळावर त्यानं पाय धुतला आणि आम्ही माघारी फिरलो. गावाला मतदानाची जागा आणि दिवस सांगणारा माणूस, त्याचं स्वतःचंही मत राहिलं.

निकाल लागला. आमच्या पेटीत थोड्याच चिठ्ठ्या निघाल्या, आणि बहुतेक सगळ्या खडीच्या बाजूच्या. कंपनीचा साहेब कागद घेऊन आला आणि म्हणाला, "बघा, तुमच्याच गावचं म्हणणं. बाकीचे आलेच नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नव्हती." न बोलणं म्हणजे होकार, असं त्याचं गणित.

गावची बैठक बसली. मला वाटलं, आता तरी कुणीतरी आपेनिसाकाकांना विचारेल. उलट काकाच उठले. हळू, सुतकाच्या आवाजात म्हणाले, "लोक नाराज आहेत, मलाही वाईट वाटतं. पण लोकांना कळवायचं काम कुणाचं? सोमवारी दुपारी कागद लागला होता. बुधवारपर्यंत कारभाऱ्यानं काय केलं?" आणि मळ्यांतले लोक, आमचेच लोक, पेदेलीकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "एक हाक मारली असती तर काय झालं असतं?" दुसरा म्हणाला, "एवढा घसा, ऐन वेळी कुठं गेला?" चोर सोडून संन्याशाला फाशी! मी उभी राहिले. म्हटलं, "परवानगी मागायला गेला होता, मी दाराशी होते, काकांनीच नाही म्हटलं." तर काका म्हणाले, "मी त्याला चाल म्हणालो. तो उशिरा पोचला." आणि बायकांनी बैठकीत मधे बोलू नये, हेही म्हणाले.

मी पेदेलीकडे बघितलं. म्हटलं, बोल रे, आता तरी बोल. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत. त्यानं चटईवर कपाळ टेकलं आणि म्हणाला, "चूक माझी." त्यानंतर मी त्याच्याशी चेष्टा केली नाही. लोकांनी विचारलं, भांडलात का? मी म्हटलं, हो.

शंभर रात्री सरल्या. डुकरं कापली, जाळी नदीत पडली. नगाऱ्यावर पहिली टिपरी पडली तेव्हा म्हाताऱ्या बायका रडल्या. पोरांनी उगीचच गळे काढून बोंबा मारल्या. त्याच संध्याकाळी आपेनिसाकाकांनी पेदेलीला बोलावून दवंडी सांगितली. मिलियाना म्हणाली, नको देऊ, सोड हे काम, पायाचं निमित्त सांग. तो म्हणाला, "नाही दिली तर पोरं पाण्यात असतील आणि यंत्र येईल."

तो चर्चच्या पायरीवर गेला. सुलु घट्ट केला. इतक्या दिवसांत आवाज जराही गंजला नव्हता. "उद्या सकाळी न्याहारीच्या वेळेला नदीच्या उतारावर यंत्रं येणार हो! लेकरांना पाण्यात सोडू नका! जाळी काढून घ्या! मळ्यांतल्यांनीही ऐका, उद्या उतारावर!" तीनदा म्हणाला, मग कडा चढून तिथूनही एकदा. शेवटी 'लाज बाळगून' वगैरे काही जोडलं नाही. शब्दन्‌शब्द कळला. दरीपलीकडून तारुसिलानं लांबलचक ओ दिली.

सकाळी यंत्रं उतारावर आली तेव्हा अख्खं गाव काठावर उभं होतं. वरच्या मळ्यांतले म्हातारेसुद्धा वेळेवर आले होते. पहिल्या घासाला यंत्रानं पाण्यातला मोठा दगड उचलला, त्याच्या खाली आम्ही लहानपणापासून कोळंबी पकडायचो. तारुसिला तेवढी पेदेलीजवळ गेली आणि म्हणाली, "कुठं यायचं, कधी यायचं, आज किती नीट सांगितलंस रे." टोमणा होता की नाही, तिचं तिलाही ठाऊक नसावं. पेदेलीनं मान हलवली आणि पोरांना काठापासून मागे व्हायला सांगितलं.